साल निघावी, तार राहावी

वायरीच्या सालीचे तुकडे कुठे कुठे सापडतात, हे आमच्या कामाबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पदराच्या शिवणीत, अंबाड्यात, एकदा तर घरी मळलेल्या कणकेत निघाला. रोज झाडतो, तरी राहतातच. आमच्या टेबलावरचे किस्सेही असेच साठत गेले. विद्या म्हणते, काकू, लिहून काढा, नाहीतर तुमच्याबरोबर जातील. मी म्हटलं, माझ्या जाण्याची घाई तुला झालीय, मला नाही. पण बसले लिहायला.

आम्ही तिघी. मी इंदू, वय एकाहत्तर, शिक्षण आठवी. हंसाबेन पादरा गावाहून बसने येते. बसमधल्या सगळ्या बातम्या आम्हाला तिच्याकडून कळतात. विद्या आमच्यातली एकटी डिप्लोमावाली, माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची. आणि मालक पंकजभाई. शहराबाहेर मकरपुऱ्याला त्यांची शेड आहे. तिथं आम्ही नवजात बाळांच्या वॉर्मरला लागणारे प्रोब बनवतो.

अपुऱ्या दिवसांचं बाळ वॉर्मरखाली ठेवतात. त्याच्या पोटावर एक छोटी चकती चिकटवतात, ती बाळाचं तापमान मशीनला सांगते. चकतीपासून निघणारी वायर जोडायची, हे आमचं काम. वायर शेवईसारखी. साल काढली की आत सात तारा, एकेक केसाहून बारीक. साल निघावी, तार राहावी. काम एवढंच. त्यातच बावीस वर्षं गेली.

*

पहिल्या दिवशी पंकजभाईंनी शिक्षण किती ते विचारलं होतं, "बेन, भणतर केटलुं?"

आमच्या घरात आजोबा संस्थानच्या कचेरीत, वडील शाळेत मास्तर. पुरुषांच्या पदव्या भिंतीवर, बायकांचं शिक्षण आठवीत बंद. पुढचं मी बिघडलेले रेडिओ उघडून शिकले. इंग्रजी शिकले ते सुट्या भागांच्या कॅटलॉगवरून, त्यामुळे मला ‘हाऊ आर यू’च्या आधी ‘इन्सुलेशन’ म्हणता येत होतं.

मी म्हटलं, "तुमच्या वायरीला पुरेल एवढं."

त्यांनी वायरीचा तुकडा पुढे सरकवला. मी अंगठ्याचं नख टेकवलं, वायर गोल फिरवली, ओढली. सात तारा ताठ उभ्या. पंकजभाईंनी टेबलावरची स्वतःची चहाची बशी उचलून मला जागा करून दिली.

*

पुढे वर्षानुवर्षं ज्याची त्याची रीत चालू होती. मी नखाने, हंसाबेन ब्लेडने, विद्या साल काढायच्या बाजारातल्या साध्या स्ट्रिपरने. माझ्या नखाचा मला इतका गर्व, की लग्नकार्यात भांडी घासायला मी कधी बसले नाही. वहिनी म्हणायची, "महाराणी आल्या." मी म्हणायची, "आल्या. आता वाढा."

मग एका सकाळी टपालातून एक प्रोब परत आला. सावली गावाकडच्या एका छोट्या इस्पितळातून. सोबत नर्सने गुजरातीत चिठ्ठी लिहिली होती: "आकडा मध्येच उडतो. मशीन म्हणत होतं बाळ थंड आहे आणि उष्णता वाढवत होतं. मी हात लावला तर बाळ तापलेलं. वेळेत कळलं. बाळ बरं आहे."

विद्याने जोड कापून भिंगाखाली धरला. सालीची कड जिथं संपते बरोबर तिथं पाच तारा तुटलेल्या, दोन कशाबशा टेकलेल्या. सोलताना तारेवर चरा पडला असणार. चरा पडलेली तार त्या दिवशी तुटत नाही. तपासणीत पास होते. वायर हलते, वाकते, आणि तीन-चार महिन्यांनी एकेक तार सुटते. तोवर तो प्रोब कुठल्या बाळाच्या पोटावर असेल, ते आपल्याला माहीत नसतं.

हंसाबेनने हळूच विचारलं, हे कोणाच्या हातचं?

प्रोबवर नाव नसतं. मी म्हटलं, "तिघींचं."

मोठ्या तोंडाने म्हटलं खरं. पण होळीपासून माझा उजवा हात थरथरायला लागला होता. कोपर टेबलाला टेकवून मी तो दाबून धरत होते, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी पंकजभाईंनी नियम सांगितला. वॉर्मर बनवणाऱ्या कंपनीला आता लेखी हवं होतं: एकच औजार, त्याचं एकच माप, आणि ते चालवणाऱ्या हातांची नावं. नख, ब्लेड, सगळं बंद. औजार ठरलं की प्रत्येकीची परीक्षा. जिच्या सोललेल्या टोकांवर चरा दिसेल तिचं नाव कागदावर येणार नाही. ती पॅकिंगला बसेल.

पॅकिंग वाईट नाही. पंखा आहे, खिडकी आहे. पण खोक्यावर चिकटपट्टी लावायला मी रेडिओ उघडले नव्हते.

सगळ्यात जास्त आरडाओरडा मी केला, म्हणून औजार निवडायचं काम पंकजभाईंनी मलाच दिलं. हुशार माणूस!

*

आधी लहरीपुऱ्याच्या बाजारात गेले. औजारांच्या दुकानात शेठने गादीवरून न उठता एक पकड पुढे टाकली. सगळ्या वायरींना चालते म्हणे. सगळ्यांना चालणारं औजार आणि सगळ्यांना आवडणारा माणूस, दोन्हींपासून मी लांब असते. पण म्हटलं, दाखवा करून.

मी आमची वायर नेली होती. शेठने ती पकडीत घातली आणि झटका दिला. साल निघाली. सालीबरोबर ताराही निघाल्या. मी पर्समधून भिंग काढलं आणि त्यांना मोजायला लावलं. सातातल्या चारच उरल्या होत्या.

शेठ वैतागले. म्हणाले, "काकी, बे-त्रण तार ओछा होय तो करंटने शुं खबर पडे?"

मी म्हटलं, "दोन-तीन तारा कमी झाल्याची खबर करंटला नाही पडत. बाळाला पडते."

त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मी सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट. गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. शेवटी शेठ गादीवरून उठले, पकड परत खोक्यात ठेवली आणि म्हणाले, हे माझ्याकडे मिळणार नाही, उगाच घेऊ नका. नाही म्हणणारा दुकानदार मी आयुष्यात तेवढाच पाहिला.

*

तेवढ्यात पंकजभाईंनी मला न विचारता ऑनलाइन एक स्ट्रिपर मागवला. झोकदार. कुठलंही माप निवडायला नको, वायर घाला, तो आपोआप ॲडजस्ट होतो, असं खोक्यावर लिहिलेलं.

हंसाबेन म्हणाली, "माझा नवरा पण तीस वर्षं हेच बोलतो."

वायर घातली. साल सुरेख निघाली, ताराही सातच्या सात. पंकजभाई खूश. मी भिंग धरलं. औजाराचा जबडा वायर पकडताना पुढची साल चेपत होता, त्यावर दातांचे वळ उठले होते. जाड वायरीला त्याचं काही नाही. आमच्या वायरीची साल कागदाएवढी पातळ; आज चेपली, उद्या तडकणार. पंकजभाईंना मी ते वळ दाखवले. ते म्हणाले, खोकं जपून ठेवा, परत पाठवायला लागेल.

*

मग एका कंपनीचा सेल्सवाला आला. टाय, बॅग, तोंडात फक्त इंग्रजी. टेबलापाशी पांढऱ्या केसांची, सुती साडीतली म्हातारी बसलेली पाहून त्याने मला पाणी मागितलं. मी आणून दिलं. पाहुणा आहे. त्याने विद्याकडे बघून बोलायला सुरुवात केली. विद्या गालात हसत होती.

त्याने दोन औजारं काढली. एक स्क्रू फिरवून माप लावायचं, एक ठरावीक मापाच्या गोल भोकांचं. म्हणाला, स्क्रूवालं घ्या, एकात सगळी मापं होतात.

मी विचारलं, "दुपारपर्यंत स्क्रू ढिला झाला तर कळणार कसं? आणि ही भोकांवरची मापं सलग तारेची आहेत की सातपदरी तारेची? सातपदरी थोडी जाड भरते. सलगचं भोक घेतलं तर बाहेरच्या तारा कापल्या जातील."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेल्याकडे पाहिलं. पेला खाली ठेवला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "आजी, मला विचारावं लागेल." पोरगा साताऱ्याचा निघाला! बिचाऱ्याने दोन दिवसांनी फोन करून नीट उत्तर दिलं, आणि सातपदरी तारेचं, गोल भोकांचं औजार घेऊन स्वतः आला.

तरी मी त्यावरच्या आकड्यावर भरवसा ठेवला नाही. एक भोक मोठं घेतलं तर साल फाटून लोंबत होती. एक लहान घेतलं तर तार खरवडत होती. मधल्या भोकाने शंभर टोकं सोलली, एकेक भिंगाखाली घातलं. आकडा कंपनीवाले छापतात. भिंगाला कोणी पगार देत नाही. भोक ठरलं. औजार ठरलं.

*

दसऱ्याला आमच्याकडे औजारांची पूजा असते. सोल्डरिंग आयर्न, चिमटे, भिंग, सगळ्यांना हळदकुंकू. नव्या स्ट्रिपरची पूजा हंसाबेनने विशेष भक्तीने केली, नवी सून घरात आल्यासारखी.

दुसऱ्या सकाळपासून तारांवर चरे दिसायला लागले. विद्याच्या, हंसाबेनच्या, माझ्या. कालपर्यंत शंभरातलं एकही टोक वाईट निघत नव्हतं. पंकजभाई म्हणाले, महागाचं औजार आठवड्यात बसलं. विद्या साताऱ्याच्या पोराला फोन लावायला निघाली. मी मात्र मनात म्हटलं, सुटले. औजारच खराब तर परीक्षा कसली? हे इथं लिहिते आहे, कारण असा विचार मी केला होता.

मग भिंगाखाली एका तारेच्या चऱ्यात लाल ठिपका दिसला. औजार उघडलं. आमच्या त्या भोकाच्या कडेला कुंकवाचा कण जाऊन घट्ट बसला होता. भोक ते केवढं, त्यात कुंकवाचा कण म्हणजे धोंडाच.

मी मनात आणलं असतं तर गप्प बसू शकले असते. ब्रशने कण काढला, टोक सोललं, सगळ्यांना दाखवलं. स्वच्छ.

हंसाबेन रडवेली झाली. तिला म्हटलं, "देवी मुठीत असते गं. टिळा मुठीला लाव, जबड्याला नको."

तेव्हापासून आमच्याकडे औजारांना मुठीवरच कुंकू लागतं. पंकजभाईंनी तसं कागदावरही लिहिलं. वॉर्मर कंपनीचा माणूस ते वाचून काही विचारेल असं वाटलं होतं. त्याने मान डोलावून सही केली.

*

परीक्षेच्या दिवशी तिघींनी चाळीस-चाळीस टोकं सोलली, वेगवेगळ्या वेळी, पंकजभाईंच्या केबिनमध्ये एकेकटीने. मी कोपर टेकवलं, श्वास धरला, जेवढं जमतं तेवढं केलं. प्रत्येकीची दोन पाकिटं झाली. पंकजभाईंनी ती आपल्या मनाने मिसळली, एक ते सहा आकडे घातले आणि कोणतं कोणाचं ती चिठ्ठी खिशात ठेवली.

तपासायचं कोणी? विद्या म्हणाली, काकूंनी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्याएवढं कोणाला दिसत नाही. पंकजभाई म्हणाले, बाहेरचा माणूस बोलावू. मी म्हटलं, बाहेरच्याला काय कळतंय, मीच बघणार.

पहिलं पाकीट. वीसच्या वीस स्वच्छ. लिहिलं, पास. दुसरं, पास. तिसऱ्यात एक टोक शंकेचं वाटलं, उलटून पाहिलं, नुसती सालीची धूळ. पास.

चौथं उघडलं. पहिलं टोक बरं होतं. दुसऱ्याचा काप तिरका, वायर सरळ न ओढता, कोपर टेबलाला टेकवून खाली झुकवून ओढल्यासारखा, आणि खालच्या बाजूच्या तारेवर चमकणारी रेघ. तिसरं बरं. चौथं पुन्हा तिरकं. मी एकेक टोक पांढऱ्या कागदावर मांडत गेले. बरी एका ओळीत, तिरकी दुसऱ्या ओळीत. दुसरी ओळ वाढत होती.

पंकजभाई म्हणाले, "बेन, आधी चहा घ्या. डोळे दमले असतील."

मी म्हटलं, "नाही दमले."

"मग एक वार फरी जोई लो."

पुन्हा पाहिलं. वीसही पुन्हा पाहिली, दिवा जवळ ओढून. ओळी तेवढ्याच राहिल्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नापास. खाली सही केली, तारीख घातली.

हंसाबेन आपल्या हातांकडे बघत होती. विद्या खिडकीबाहेर. पंकजभाईंनी खिशातली चिठ्ठी वरूनच हाताने दाबून धरली होती.

"इंदुबेन," ते म्हणाले, "कोणाचं आहे, विचारणार नाही?"

मी भिंग पुसलं आणि म्हटलं, "पाचवं आणा."