मोजणीआधी बंद केलेली मोटर

चाकणजवळच्या माझ्या सासरच्या गावात सोयरिकीला पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी विहिरीची मोटर बंद ठेवतात. पाणी झिरपून वर चढतं, पाहुणे काठावरून डोकावतात आणि मुलगी देऊन टाकतात. माझ्या वडिलांनीही अशीच भरलेली विहीर बघून मला इथे दिली. माहेरचे आम्ही पडलो दुष्काळी बीडकडचे. पाणी दिसलं की आमची माणसं जावयाचं तोंडही नीट बघत नाहीत! पहिल्याच उन्हाळ्यात मला कळलं, ही मोटर चहा उकळेपर्यंत चालते आणि मग नुसती हवा ओकते.

आजूबाजूच्या कंपन्यांनी खोल बोअर पाडले, त्यानंतर तर उन्हाळाभर आमचं सगळं टँकरवर. यंदा खोऱ्यातलं पाणी मोजायला सरकारी साहेब येणार होते आणि आमच्या गावातून आमचीच विहीर निवडली होती. पाणी पुरेसं दिसलं तर टँकर बंद, हे ग्रामसभेत सगळ्यांदेखत सांगितलं होतं. तरी आदल्या दिवशी सासऱ्यांनी मोटरचा फ्यूज काढून खिशात घातला.

"मामंजी, ही सोयरीक नाही हो, मोजणी आहे," मी म्हटलं.

"मग काय सायबाम्होरं कोरडी हीर दावायची व्हय? आपल्याला काय इज्जत हाय का न्हाई?"

डोकंच फिरलं माझं. हंडे मी उचलायचे आणि इज्जत यांची!

साहेबांनी विहिरीत टेप सोडली, पाणी बघून खूश झाले. मी सरळ पुढे गेले. "साहेब, मोटर लावून बघा. लगेच तळ दिसेल."

"ताई, आम्ही आज दिसते ती पातळी लिहितो."

"सूनबाई, आत जा," सासरे गुरकावले. साहेब आमच्याकडे टँकरच्या पाण्याचा चहा पिऊन गेले.

पुढच्याच आठवड्यात टँकर यायचा थांबला. सकाळी सासऱ्यांनी मोरीतून हाक मारली, "आंघुळीला पानी काढ गं."

मी दोर आणि बादली त्यांच्यापुढे आपटली. "जा विहिरीवर. साहेबांना दाखवलीत ना?"

ते विहिरीवर गेले नाहीत. कपड्यांची पिशवी भरली आणि रावेतला लेकीच्या फ्लॅटवर राहायला गेले. तिथे नळाला पाणी आहे म्हणे.

मी रोज शेजारच्या गावात टँकरपाशी हंडा घेऊन उभी राहते. तिथल्या बायका मला रांगेतून ढकलून देतात. म्हणतात, "चल नीघ, तुमच्या गावात पाणी हाय की!"