भासऱ्यांपुढे बोलले ते

आमच्या यांचं लिव्हर खराब. रक्ताची उलटी झाली म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात घशातून दुर्बीण घालायची ठरली. शेतात साप दिसला तर काठी न शोधणारा माणूस नळीला भ्यायला. "डॉक्टरसाहेब, मले पूर्ण झोपवूनच करा," म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "लिव्हर बिघडलं की डोक्यावरही परिणाम होतो. कधी दिवसा झोपतात, रात्री जागतात, बरळतात, असं होतं का?"

"छे!" माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, म्हणाले. "माह्या भावाचं डोकं एकदम साबूत आहे."

आमच्यात भासऱ्यांपुढे सून बोलत नाही. मी तर लग्नापासून बोलले नव्हते. पण मागच्याच आठवड्यात या साबूत डोक्यानं मला भर दुपारी विचारलं होतं, "बाई, तू कोणाची?" मी भिंतीकडे तोंड केलं आणि तेवढं भिंतीला सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकलं. "असं असेल तर झोपेचं औषध धोक्याचं. माणूस लवकर शुद्धीवर येत नाही. घशात फवारा मारून जागेपणीच करू."

तपासणी झाली. हे घसा धरून बाहेर आले आणि माझ्यावरच डाफरले, "इतके वर्ष गप होती, आजच कायले तोंड उघडलं?"

म्हणजे आज मला ओळखत होते.