डॉक्टरांना दाखवायचा कागद

दवाखान्यातले किस्से जमवावे लागत नाहीत. दुपारचा डबा उघडला की कुणीतरी एक काढतंच, आणि आमच्या मानसिक आजारांच्या ओपीडीतले बहुतेक त्या एका कागदाचे.

मी तिथली नर्स. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतात, माणशी दोन मिनिटं देतात. म्हणून वरून फर्मान आलं, पेशंटनं घरूनच तयारी करून यावं. काय त्रास होतो, काय विचारायचंय, ते कागदावर लिहून आणावं. कल्पना चांगली होती हो! आम्हीच दिवटे निघालो.

*

मुलचेऱ्याकडच्या एका गावचे पाच जण आले. पाचही कागदांवर एकच मजकूर. झोप नाही, डोकं दुखते. विचारलं, तर त्यातले म्हातारे भाऊ म्हणाले, "एकानं लिवलं, बाकीच्यायनं उतरवलं. अर्जात फरक आला का परत करते ना बाई."

पाचही जणांना सारख्याच गोळ्या मिळाल्या.

*

एका सुनेचा कागद सासूनं भरून आणला. 'काम करत नाई, दिवसभर झोपून राह्यते.' गोळीनंच झोप यायची तिला. डॉक्टरांनी नेमका तेवढाच कागद वाचला आणि डोस वाढवला.

*

तपासणीला साहेब आले, भरलेल्या कागदांचे फोटो काढून खुश झाले. मी म्हटलं, "सर, डॉक्टर हे वाचतात का, ते नाही विचारत?"

"त्याचा रकाना नाही," साहेब म्हणाले.

*

रशीदभाई टेलरचं सांगताना मात्र मला माझाच राग येतो. गोळ्यांनी त्यांच्या कानातले आवाज थांबले, पण हात थरथरायला लागले. "आवाज गेले ते बरं झालं बाई, पन हात बी गेले. सुई ओवता येत नाई." गोळी बदलून द्या, एवढंच त्यांचं मागणं.

पहिल्या खेपेला लिहून आणलं. डॉक्टर म्हणाले, फाईलला लावा. दुसऱ्या खेपेला तोंडी सांगायला गेले, तर सोबतचा भाऊच बोलत राहिला. मग मी शहाणपणा केला. म्हटलं, रशीदभाई, सांगू नका, दाखवा.

तिसऱ्या खेपेला त्यांनी सदरा शिवून आणला. आठ दिवस लागले म्हणे. शिवण सापासारखी, एक बाही दुसरीपेक्षा लांब. त्यांनी तो नुसता टेबलावर पसरला.

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. "अरे वा, काम सुरू केलंत! म्हणजे गोळी लागू पडली. हीच चालू ठेवू."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोवर मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.