पहिल्या फेरीला मी गाडीत बसलो नाही

गॅरेजमधल्या मित्रांनो, आज दुपारी जे घडलं ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं. बाकीच्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच लिहून इथे फळ्यावर लावतो आहे.

हिंगण्याला माल नेणाऱ्या पिकअपचे पुढचे ब्रेक मी केले. झिजलेले लायनर काढून नवे टाकले. पण लायनर ज्यावर घासून चाक थांबवतं, त्या ड्रममध्ये नख अडकेल एवढ्या खोल रेषा होत्या; अशाने ब्रेक नीट धरत नाही. ते लेथवाल्याकडून यंत्रावर घासून गुळगुळीत करून आणायला हवे होते. तिथे रांग होती, म्हणून मी ते तसेच चढवले.

आपल्याकडे रीत आहे, ज्याने ब्रेक केले त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरशेजारी बसायचं. पिकअपचे ड्रायव्हर मनोहरकाका स्टिअरिंगवर बसून म्हणाले, "चाल गा, बस."

मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. मले हात धुवायचे आहेत."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "हात तं धुतलेलेच हायेत तुये. तू बसून नाही राहिला, तं मी काहून बसू? माह्या घरी पोरं नाहीत का?"

सगळे हसले. मीही हसलो. काका मात्र किल्ली काढून खाली उतरले.

मग मी ड्रम लेथवर नेले, पुन्हा बसवले आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसलो. ब्रेक दाबताच गाडी जागच्या जागी थांबली.

त्या रेषा मला आधीच दिसल्या होत्या, हे काकांना उद्या तोंडाने सांगणार आहे. तुम्ही खरं सांगा, ज्या गाडीत स्वतः बसला नसता, अशी गाडी कधी कुणाच्या हाती दिलीत का?