शिवेवरचं कन्यादान

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा जामिनावर होते. जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असं लोकांना वाटतं. बाबांना कोर्टानं तुरुंगातून सोडलं खरं, पण घरी येऊ दिलं नाही. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून झालेल्या भांडणात काठ्या चालल्या होत्या, एकाचं डोकं फुटलं होतं आणि त्यात बाबांचंही नाव गोवलं गेलं. साक्षीदार सगळे आमच्याच गावचे. त्यांच्यावर दडपण येऊ नये म्हणून खटला संपेपर्यंत गावच्या शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही, अशी अट होती. कारंजाचे एक मुसलमान कापूस व्यापारी त्यांना जामीन राहिले आणि त्यांनीच बाबांना आपल्या गोदामात कामाला ठेवून घेतलं.

खटला काही हलेना. कधी साक्षीदार गैरहजर, कधी समोरच्या वकिलाला ताप. नवी तारीख पडली की माय देवापुढे साखर ठेवायची. मला त्या देवाचाही राग यायचा. लग्नाच्या आत निकाल लागेल असं वकील म्हणाले, म्हणून आम्ही मुहूर्त उन्हाळ्याच्या पार शेवटाला नेला. तारीख पडली पावसाळ्यातली. नवऱ्याकडची रिठदची मंडळी तरी किती थांबणार?

आमच्याकडे वऱ्हाड शिवेवर थांबतं आणि मुलीचा बाप तिथे जाऊन नवरदेवाचे पाय धुतो. शिवेपर्यंत यायला बाबांना मनाई नव्हती. हळद लावता लावता शेजारच्या काकू म्हणाल्या, “तेवढं तं तुह्या नशिबात हाय, बाई.” मी त्यांचा हळदीचा हात झटकला. मला तेवढं नको होतं. मांडवात, माझ्या शेजारी बाबा हवे होते.

शिवेवर नवरी जात नाही. तिथे काय झालं ते मला पुढे नवऱ्यानं सांगितलं. शिवेच्या शेंदूर लावलेल्या दगडाच्या पलीकडे बाबा धुतलेला फेटा बांधून उभे होते. त्यांनी पाय धुतले, टिळा लावला, पण नजर सारखी गावाकडे. “माह्याकडं तं त्यायनं पाह्यलंच नाही,” नवरा अजून चिडवतो. वाजंत्री गावाकडे वळली तेव्हा पाळतीवर असलेला कोतवाल हळूच म्हणाला, “चाला ना भाऊ. मी तिकडं तोंड करतो. पोरीवर अक्षता टाका अन् या परत.”

बाबा दगडाशी आले आणि थांबले. “नाही बाप्पा. ज्या माणसानं माह्यासाठी जामीन देला, त्याले मी काय तोंड दाखवू?”

कन्यादान काकांनी केलं. मंगलाष्टकं चालली होती आणि बाबा आले नाहीत म्हणून मी मनात त्यांच्यावर दात-ओठ खात होते. एक पाऊल! कोण पाहणार होतं? आज त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्या मांडवातली त्यांची रिकामी जागा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पाठवणीच्या वेळी सगळा गाव शिवेपर्यंत आला आणि तिथून माघारी फिरला. बाबा तिथे सकाळपासून उन्हात उभे होते. मी गाडीतून उतरून गळ्यात पडले तर म्हणाले, “जेवली का तू?” दुसरं काही त्यांना सुचलंच नसावं. शिवेबाहेरच्या रस्त्यावर त्यांना बंदी नव्हती. गाडीच्या दांडीला हात लावून ते पुढच्या गावच्या नाल्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. आम्ही दोघंही घराकडे पाठ करून चाललो होतो.

खटला पुढे बरीच वर्षं रेंगाळला. अखेर साक्षी झाल्या आणि बाबा निर्दोष सुटले. त्या दिवशी मी रिठदला होते, कडेवर लेक होती. मायनं नंतर सांगितलं की बाबा घरात आले, ओसरीवर पाट ओढून बसले आणि आत तोंड करून त्यांनी मला हाक मारली, पाणी आणायला. पूर्वी शेतातून आले की मारायचे तशीच.

माय तांब्या घेऊन बाहेर आली. तिच्या मागे कोणी येतंय का, हे बाबा पाहत राहिले.

“पोरगी कुठी गेली?” त्यांनी विचारलं.

मला नाल्यापर्यंत पोचवायला तेच तर आले होते.