खाली गाडीत बसलेले साहेब

ऑफिसात मी चार माणसं ठेवली आणि चौघांचंही काम मीच करत बसलो. लोकांना पैशाचा सल्ला देणं हा माझा धंदा. स्कूटरवरून फिरून एकेक घर जोडलेलं. घरं वाढली तशी माणसं ठेवावी लागली, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायचं राहूनच गेलं. गुंतवणूकदारांना वाढदिवसाची पत्रंसुद्धा मीच लिहायचो, पाकिटंही मीच चिकटवायचो. डिंक सरळ लावता येत नाही हो कुणाला!

चौघांतल्या एक बाई मात्र खमक्या. बँकेतली नोकरी सोडून आलेल्या. त्यांना मी घरोघरी घेऊन जायचो, ‘यापुढे तुमचं सगळं याच बघतील’ म्हणून ओळख करून द्यायचो, आणि त्यांनी तोंड उघडलं की मीच बोलायला लागायचो.

एका मंगळवारी त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “सर, हिंजवडीला नोकरी मिळतेय. बसमध्ये रोज चार तास जातील, पण उरलेल्या वेळात बोलू तरी देतील.”

माझं धाबं दणाणलं. माझ्या हातून राहिलेले कागद वर्षभर याच बाई गुपचूप निस्तरत होत्या. त्या गेल्या तर माझं दुकान बसलंच म्हणायचं.

“थांबायला काय घ्याल?” मी विचारलं.

“गुरुवारी हडपसरला मी एकटी जाणार.”

हडपसरचे आबा म्हणजे माझं सगळ्यात जुनं घर. शेताच्या जागी इमारत उभी राहिली, तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्याकडे. “अहो, ते माझ्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत!”

“तुमच्याशी तरी कुठे बोलतात? तुम्हीच बोलता.”

नाइलाजाने हो म्हणालो.

गुरुवारी मला नेमकं हडपसरलाच काम निघालं. काम कसलं, डोंबल! आबांच्या घराखाली गाडी लावून घाम पुसत बसलो. माझी भेट वीस मिनिटांत उरकते. इथे तास झाला तरी बाई खाली येईनात. झालं, घालवलं घर! तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवला.

तेवढ्यात आबा स्वतः कपबशी घेऊन खिडकीशी आले. “घ्या सायेब. बाईंनी वरनं गाडी बघितली. म्हणल्या, साहेबांचा च्या खालीच द्या.”

मी कप घेतला. “आबा, एवढा वेळ? काही बिनसलं का?”

“छ्या! लेकीच्या नावानं काय तरी ठिवायचंय, त्येच बोलत हुतो.”

“मग मला कधी बोलला नाहीत?”

“पाच वर्सं बोलतोय की. अर्ध्यातच तुमी म्हनायचा, आबा, काळजी सोडा, मी आहे ना.”

लाज वाटली, सरळ सांगतो.

थोड्या वेळाने बाई फाइल घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. मी घाबरत घाबरत विचारलं, “हिंजवडीचं काय ठरलं?”

“नाही म्हणून कळवलं.”

“आत्ता?”

“मंगळवारीच. तुम्ही हो म्हणालात ना, म्हणजे येणार नाही असं धरून चालले मी.”

ऑफिस येईपर्यंत मी चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.