काखेतली झेंडी

तिला सगळे शिट्टी म्हणत. लहानपणी ती दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की यार्डातली झोपलेली कुत्री उठून बसायची. आई म्हणायची, "मुलीच्या जातीला हे शोभतं का?" त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, "शोभत नसेल, पण ऐकू जातं ना!"

वडील रेल्वेत बत्तीवाले होते. सिग्नलच्या दिव्यांच्या काचा पुसायच्या, वाती कापायच्या, रॉकेल भरायचं, यात त्यांचा जन्म गेला. कितीही धुतले तरी त्यांच्या सदऱ्यांचा रॉकेलचा वास जात नसे. पोरीनं तिकिटाच्या खिडकीमागे, पंख्याखाली बसावं एवढीच त्यांची इच्छा. पोरगी परीक्षा देऊन आली ती थेट इंजिनात जाऊन बसली. त्या मार्गावर इंजिनात चढलेली ती पहिली बाई.

लागली ती असिस्टंट म्हणून, आणि ज्यांच्या हाताखाली लागली ते ड्रायव्हर म्हणजे सबुरीकाका. निवृत्तीला आलेला, गोल पोटाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. काहीही झालं तरी "सबुरीनं घे" म्हणायचे, म्हणून हे नाव. सगळ्यात वेगवान गाडी ओढणाऱ्या माणसाला सबुरी म्हणतात, याचं शिट्टीला पहिल्या दिवशी इतकं हसू आलं की काकांनी विचारलं, "काय झालं गं?" आणि तिनं खरं ते सांगून टाकलं. काकाही हसले. तेव्हापासून दोघांचं जमलं.

केबिनमध्ये ड्रायव्हरची खुर्ची एका बाजूला, असिस्टंटची दुसऱ्या. तिच्या खुर्चीशेजारी पत्र्याच्या नळीत दोन झेंड्या खोचलेल्या, एक लाल, एक हिरवी. खाली डब्यात धोक्याचे फटाके. पुढे रुळावर काही अडलं असलं तर मागून येणाऱ्या गाडीसाठी ते रुळाला बांधायचे, चाक वरून गेलं की धडाम वाजतात. इंजिनाच्या माथ्यावर पिवळा लुकलुकता दिवा, गाडी अवचित थांबली तर समोरून येणाऱ्याला सावध करायला. शिट्टी झेंड्या घरी नेऊन धुवायची. सासू म्हणायची, "नवऱ्याचे सदरे कधी एवढ्या प्रेमानं धुतलेस का?" नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. तो बिचारा म्हणायचा, "असू दे आई, माझे मी धुतो."

आता या झेंडीचं काम काय, तर गाडी जिथे थांबत नाही अशा छोट्या स्टेशनातूनही जाताना स्टेशनमास्तर फलाटावर उभा राहतो आणि धावत्या गाडीकडे डोळ्यांत तेल घालून बघतो. कुठे चाक तापून धूर निघतोय का, एखाद्या डब्याखाली काही लोंबतंय का. सगळं नीट असलं तर हिरवी झेंडी उघडून धरतो. इंजिनातून असिस्टंट वाकून ती बघतो, आपली हिरवी दाखवतो आणि आत ड्रायव्हरला सांगतो, "ठीक." एवढंच. पण त्या एका शब्दाच्या भरवशावर मागच्या डब्यांतली माणसं निवांत डुलक्या काढत असतात.

बाकीच्या स्टेशनांवर लोकांना तिची सवय झाली. कुणी डोळे फाडून बघत झेंडी धरायचं, कुणी नको इतकी हलवायचं. त्याचं तिला काही नव्हतं. अडलं ते खळमास्तरांच्या स्टेशनावर.

खळमास्तरांचा गणवेश खळ घालून इतका कडक केलेला असायचा की बसताना आवाज यायचा. स्टेशन आरशासारखं. कुंड्या एका रेषेत, पाण्याचे माठ झाकलेले, फलाटावर विडीचं थोटूक दिसायचं नाही. माणूस कामाला चोख होता, हे शिट्टीही कबूल करायची. पण तिचं डोकं इंजिनाच्या खिडकीतून बाहेर आलेलं दिसलं की मास्तर हिरवी झेंडी गुंडाळायचे, काखेत मारायचे आणि पाठ फिरवून कुंड्यांकडे बघत राहायचे.

पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून झालं असेल.

"काका, झेंडी नाही मिळाली."

काकांनी भोंगा वाजवला. मास्तर हलले नाहीत. तोवर स्टेशन मागे पडत चाललं होतं.

"मिळाली म्हण," काका म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. जुन्या वळणाचा."

तिनं 'ठीक' म्हटलं नाही, पण पुढे वादही घातला नाही. पुढच्या खेपेला तेच झालं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. दर वेळी काका म्हणायचे, "सबुरीनं घे," आणि दर वेळी ती आपली झेंडी परत नळीत खोचायची.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती साध्या साडीत, दुपारच्या पॅसेंजरनं त्या स्टेशनावर उतरली आणि मास्तरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, मी असिस्टंट. तुम्ही मला झेंडी दाखवत नाही."

मास्तरांनी टेबलावरची पट्टी सरळ केली. "बाईमाणसाला भर फलाटावर झेंडी हलवत उभा राहायला मी काय कॉलेजातला पोरगा आहे?"

बाहेर बाकावर बसलेला हमाल फिसकन हसला. शिट्टीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण आवाज तिनं खालीच ठेवला.

"झेंडी मला नाही दाखवायची, गाडीला दाखवायची. उद्या डब्याखाली आग लागली आणि तुमची झेंडी काखेतच राहिली, तर मी काय समजायचं? आग लागलीय की मास्तर रुसलेत?"

"माझ्या स्टेशनातून गेलेल्या गाडीला आजवर काही झालेलं नाही."

"आजवर तुम्ही झेंडी दाखवत होता, म्हणून."

मास्तर उठले, तेव्हा गणवेश करकरला. "परतीची गाडी यायला अवकाश आहे. बायकांची बसायची खोली तिकडे आहे."

ती तिथे बसली नाही. गाडी येईपर्यंत भर फलाटावर, त्या कुंड्यांच्या समोर उभी राहिली.

घरी सासूला सांगितलं तर सासूनं कपाळावर हात मारला. "पाण्यात राहून माशाशी वैर! अगं, नोकरी आहे, घर चाललंय. त्यानं झेंडी दाखवली काय, न दाखवली काय, तुझ्या ताटातली भाकरी कमी होते का?"

"होते, आई," शिट्टी म्हणाली. "रोज खोटं चालवून घेऊन आणलेली भाकरी पुरत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या आधीच तिनं काकांना सांगून टाकलं. "काका, आज मास्तरांनी झेंडी नाही उघडली तर मी गप्प बसणार नाही. नाही मिळाली, तर नाही मिळाली म्हणणार. पुढे तुमची मर्जी."

नियम काकांना पाठ होता. झेंडी नाही मिळाली तर भोंगा द्यायचा आणि तरीही नाही मिळाली तर गाडी थांबवायची. इतके दिवस 'ठीक' हा शब्द कानावर पडत नव्हता आणि काका तो पडला असं धरून चालत होते. आज तो खोटा आडोसाही राहिला नव्हता.

स्टेशन आलं. ती कमरेपर्यंत बाहेर वाकली, हिरवी झेंडी ताणून धरली. मास्तरांनी आपली गुंडाळली, काखेत मारली.

"नाही मिळाली!"

काकांनी लांब भोंगा दिला.

"नाही मिळाली, काका!"

सबुरीकाकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि ब्रेक लावला. जिथे ती गाडी जन्मात कधी थांबली नव्हती तिथे, अर्धी फलाटात आणि अर्धी शेताच्या कडेला, ती चाकं कुरकुरत उभी राहिली. माथ्यावरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. "काय झालं? म्हैस आडवी आली का?"

मास्तर खडीवरून ठेचकाळत धावत आले. टोपी हातात, गणवेशाची सगळी खळ घामानं उतरलेली.

"कशाला थांबवली?"

"झेंडी मिळाली नाही," शिट्टी वरून म्हणाली.

"ही घ्या!" म्हणून मास्तरांनी झेंडी उघडली आणि इंजिनाला वळसा घालून काकांच्या खिडकीसमोर धरली.

"तिकडे नाही. बघायचं काम माझं आहे, इकडे धरा."

मास्तर लालबुंद झाले. काकांनी मध्ये पडून "बरं बरं, बघितली मी" म्हटलं आणि गाडी हलवली. पण नाक दाबलं की तोंड उघडतं, हे शिट्टीला त्या दिवशी कळलं. पुढच्या खेपेला झेंडी पुन्हा काखेत गेली, आणि गाडी पुन्हा थांबली.

मग वरून बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीत मास्तर एका कडेला, शिट्टी दुसऱ्या, मध्ये काका बुटांच्या टोकांकडे बघत. साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांना भांडण म्हटलं की डोकं दुखायचं.

"मास्तर म्हणतात, ते झेंडी दाखवतात, तुम्हाला दिसत नाही. काका, तुम्ही काय म्हणता?"

"प्लॅटफॉर्म तिच्या बाजूला येतो, साहेब," काका म्हणाले. "मला कसं दिसणार?"

शिट्टीनं झटकन मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. काकांनी नजर वर केली नाही.

"चला, विषय मिटवू," साहेब म्हणाले. "बाई, गाड्या उशिरा आणल्याबद्दल माफी मागा, मीही विसरतो."

"माफी मागायला माझं काय चुकलं?"

"तुमचं चुकलं असं कुठे म्हणतोय? माफीनं वाद संपतो."

"मग ती मास्तरांनाच मागू द्या, साहेब. त्यानंही वाद संपेल."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याच आठवड्यात शिट्टीची रवानगी यार्डात झाली.

यार्डातलं काम म्हणजे डबे इकडून तिकडे ढकलणारं इंजिन. तेच रूळ, तोच धूर, दिवसभर पुढे आणि मागे. येणारेजाणारे टोमणे मारायचे, "काय बाई, इथे कुणी झेंडी दाखवतं का?" ती म्हणायची, "इथे सगळे दाखवतात. इथे माणसं कामाला येतात." तोंडानं असं बोलायची खरी, पण मोठी गाडी यार्डाच्या कडेनं धडधडत निघून गेली की ती हातातलं काम टाकून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. काका भोंगा द्यायचे. ती उत्तर द्यायची नाही.

शेजारीण एकदा सासूला म्हणाली, "बरं झालं, शेवटी ठिकाणावर आली सून."

आता हीच सासू इतके दिवस घरात कपाळ बडवत होती. पण घरचं भांडण वेगळं आणि शेजारणीनं नाक खुपसणं वेगळं. ती पदर खोचून म्हणाली, "ठिकाणावरच होती ती. जागेवर नव्हता तो मास्तर. तुझी सून कधी बैलगाडी तरी थांबवते का बघ, आणि मग बोल." त्या दिवसापासून झेंड्या धुवायचं काम सासूनं आपल्याकडे घेतलं.

तिकडे सबुरीकाकांना नवा असिस्टंट मिळाला होता. पुरुष. त्याला खळमास्तर फलाटाच्या कडेला येऊन, हात लांब करून झेंडी दाखवायचे. असिस्टंट दर वेळी उत्साहानं म्हणायचा, "ठीक, काका!" आणि दर वेळी काकांना तो शब्द थोबाडीत बसल्यासारखा लागायचा. घरी जेवण जाईना. काकू म्हणाल्या, "पोट दुखतंय का?" काका म्हणाले, "पोट नाही."

एका सकाळी ते न बोलावता साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, एक विचारायचं होतं. असिस्टंटच्या बाजूला ब्रेक असतो का?"

"म्हणजे?"

"गाडी मी थांबवली. दोन्ही वेळा. ब्रेक माझ्या हातात होता, तिच्या हातात फक्त झेंडी होती. आणि मास्तर झेंडी दाखवत नव्हते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी शेपूट घातलं. शिक्षा करायची तर मला करा. यार्डात आणखी एक इंजिन असेलच."

"काका, तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. सबुरीनं घ्या."

"आयुष्यभर तेच घेतलं, साहेब."

ही गोष्ट चहाच्या टपरीवरून सगळ्या ड्रायव्हरांत पसरली. त्यातले निम्मे शिट्टीला हसणारेच होते. पण दुसऱ्याच्या हातातल्या झेंडीसाठी एका ड्रायव्हरनं आपणहून मान पुढे केली, हे ऐकून ते गप्प झाले. मग एकानं साहेबांना सांगितलं, "झेंडी नाही मिळाली तर मीही थांबवणार." पाठोपाठ दुसऱ्यानं. साहेबांनी कपाळ दाबत हिशेब केला. सगळ्यांना यार्डात पाठवलं तर गाड्या ओढायच्या कुणी? शिट्टी परत मोठ्या गाडीवर आली.

पहिल्या खेपेला केबिनमध्ये चढल्यावर तिनं धुतलेल्या झेंड्या नळीत खोचल्या. मग काका म्हणाले, "त्या दिवशी मी..."

"राहू द्या, काका. भोंगे ऐकले मी सगळे."

खळमास्तरांचं स्टेशन जवळ आलं. ती बाहेर वाकली. मास्तर फलाटावर होते. गणवेश करकरीत, तोंड भिंतीकडे, मान ताठ. आणि उजवा हात मागे लांब करून धरलेला, त्यात हिरवी झेंडी, पूर्ण उघडलेली.

"ठीक!"

वळणावर काकांनाही ओझरतं दिसलं. "तोंड फिरवलंय गं त्यानं!"

"त्यांच्या तोंडाचं मला काय करायचंय? झेंडी उघडली ना?"

पण पाठमोऱ्या माणसाला गाडी कशी दिसणार? हा प्रश्न तिनं पुढच्या मुक्कामाला साहेबांना फोन करून विचारला. साहेबांनी सुस्कारा टाकला. त्यानंतर मास्तर गाडीकडे तोंड करून उभे राहू लागले. नजर मात्र इंजिन निघून गेल्यावर पहिल्या डब्यापासून टेकवायचे. नियमात डब्यांकडे बघायचं असतं, त्यामुळे तिला तक्रारीला जागा उरली नाही, आणि ती मनापासून हसली.

काका निवृत्त झाले. पुढे काही वर्षांनी शिट्टी स्वतः ड्रायव्हर झाली, आणि तिच्या मार्गावर आणखी बायका आल्या. त्यांना कुणी काखेतली झेंडी दाखवली नाही.

निवृत्तीनंतर एकदा खळमास्तर प्रवासी म्हणून तिच्याच गाडीला आले. हातात पिशवी, अंगात तसाच कडक सदरा. इंजिनापाशी थांबून, सिग्नलच्या खांबाकडे बघत त्यांनी विचारलं, "गाडी वेळेवर सुटणार का?"

शिट्टी खिडकीतून म्हणाली, "विचारणाऱ्यानं इकडे बघितलं तर सांगते, मास्तर."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मास्तर चालत चालत लांबच्या चहावाल्याकडे गेले आणि त्याला विचारून आले. गाडी वेळेवर सुटली.